फाटका तिरंगा, बंद ट्रंक आणि शेजाऱ्यांची शिडी

पत्राचा गोषवारा: बेळगाव तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई पंचेचाळिशीच्या आहेत. घरात सासरे, पती, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि शाळकरी मुलगी. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पती उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला. गेल्या ऑगस्टला मुलानं गच्चीतल्या पाण्याच्या टाकीला पाइप बांधून तिरंगा लावला आणि पुढं तो उतरवलाच नाही. सासऱ्यांनी दोनदा सांगितलं, त्यानं मोबाइलवरचा नियम दाखवला. यंदाच्या पावसात ध्वजाच्या कडेच्या दशा निघाल्या, हिरवा पट्टा टराटरा चिरला आणि एका सकाळी ध्वजच दिसेना. मुलानं युवक मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, ‘आमच्या घरावरचा तिरंगा रात्री कुणीतरी काढून नेला.’ टाकीला टेकवलेली शिडी शेजारच्या कन्नड कुटुंबाची होती, ध्वज लावताना मागून आणलेली. झालं, संशय तिकडं वळला आणि दहा-बारा पोरं त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. तेव्हा सासरे बाहेर आले आणि म्हणाले, “काय शोधायलास? माझ्या ट्रंकेत हाय. फाटक्या वर्दीत जवानाला परेडला उभा केला असता काय रे?”

तेव्हापासून आजोबा-नातू बोलत नाहीत. शेजारचे काका-काकू समोर आले तर मान खाली घालून जातात. मंडळातला एक जण म्हणतो, ध्वज काढला म्हणून केस होऊ शकते. पतीचं म्हणणं, वर मोठा तिरंगा आणि त्याच पाइपला खाली भगवा लावू, म्हणजे ना आपले बोलतील ना ते बोलतील. ताई विचारतात, बरोबर कोण? १५ ऑगस्टला घरावर काय लावू? आणि शेवटी लिहितात, “आमच्या लहानपणी देशभक्ती अशी दाखवावी लागत नव्हती. आता नाही लावला तर लोक विचारतात. त्यात आम्ही मराठी, त्यात सीमाभागातले.”

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यातली साडेतीन पानं तिरंग्यावर आणि शेजारच्या काका-काकूंवर मोजून आठ ओळी. माप जरा उलटं पडलंय असं मला वाटलं. पण तुम्ही ज्या क्रमानं विचारलंय त्याच क्रमानं जाते, शेजाऱ्यांकडं शेवटी येते.

केसचं आधी उरकते. फाटलेला ध्वज उतरवला म्हणून कुणावर गुन्हा होत नाही. राष्ट्रप्रतिष्ठेचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे हे खरं. तो आहे चारचौघांत ध्वज जाळणाऱ्या, तुडवणाऱ्या, विटंबना करणाऱ्यांसाठी. ध्वजसंहिता तर उलटंच सांगते, फाटका किंवा विस्कटलेला ध्वज फडकवू नये. म्हणजे त्या रात्री तुमच्या घरात नियमानं वागलेला माणूस एकच होता, आणि तो या वयात अंधारात, पावसानं निसरड्या झालेल्या शिडीवर चढला होता. मला खरी काळजी त्या शिडीची वाटली. मंडळातल्या वकिलाला एवढं सांगा आणि विषय संपवा.

आता तुमचं ते वाक्य. ‘आमच्या लहानपणी देशभक्ती अशी दाखवावी लागत नव्हती.’ हे वाक्य मला महिन्यातून दोन-चार पत्रांत तरी भेटतं, आणि दर वेळी मी थोडी अडखळते. तुमच्या-माझ्या लहानपणी घरावर तिरंगा नव्हता हे खरंच. मी बेळगावच्या शहापुरात वाढले. तिरंगा म्हणजे शाळेचा, कचेरीचा, कॅम्पातला. आपल्या वाट्याला छातीवर टाचणीनं लावलेला कागदी ध्वज आणि हातावर पडलेल्या दोन लिमलेटच्या गोळ्या. पण घरावर नव्हता तो काही आपल्या अंगच्या साधेपणामुळं नव्हे. काही ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडले तर सामान्य माणसानं घरावर, दुकानावर तिरंगा लावायची मोकळीकच नव्हती. ध्वज सरकारचा होता. नवीन जिंदल नावाच्या उद्योगपतींनी आपल्या कारखान्यावर तो लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, आणि ते प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं. मधल्या काळात २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि नागरिकांना वर्षभर ध्वज लावायची मुभा मिळाली. २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सन्मान राखून ध्वज फडकवणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तीच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे तुमच्या मुलाचा जन्म झाला तोवर तिरंगा कचेरीच्या छपरावरून खाली उतरून गल्लीत यायला नुकता मोकळा झाला होता.

आणि दाखवायची वेळ यायची तेव्हा आपले वाडवडील काय करायचे तेही आठवावं. सिनेमा संपला की राष्ट्रगीत लागायचं. पडद्यावर ध्वज फडफडायला लागला की निम्मं थिएटर सायकल स्टँडकडं पळायचं, कारण नंतर गर्दीत सायकल निघायची नाही. त्या पळणाऱ्यांत माझे वडीलही असत. ते काही देशद्रोही नव्हते, त्यांना सकाळी सातची पाळी असायची. पुढं नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सिनेमाआधी राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि जानेवारी २०१८ मध्ये स्वतःच ती सक्ती मागं घेतली. तेवढ्या वर्ष-सव्वा वर्षात कोण उभं राहिलं आणि कोण बसून होतं यावर देशभरात मारामाऱ्या झाल्या. तेव्हा आधीचे सगळे निर्मळ आणि आताचे सगळे दिखाऊ अशी वाटणी करायच्या भानगडीत पडू नका. दिखाऊपणा तेव्हाही होता, मोबाइल नव्हता एवढंच.

तुमच्या घरातलं भांडण मला वेगळं दिसतं. मामंजी आणि नातू एकाच ध्वजाचे दोन वेगवेगळ्या काळातले नियम पाळतायत. सूर्य उगवला की ध्वज वर, मावळला की खाली, हे मामंजींच्या हाडात मुरलंय. पलटणीत संध्याकाळी बिगूल वाजला की हातातलं काम टाकून सावधान उभं राहायचं, ध्वज उतरायचा, घडी व्हायची. जुलै २०२२ पर्यंत सामान्य नागरिकांना नियम तोच होता. त्या महिन्यात सरकारनं तो बदलला आणि घरावरचा तिरंगा रात्रंदिवस ठेवायची परवानगी दिली. त्याआधी, ३० डिसेंबर २०२१ ला, पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर केलेल्या ध्वजाला परवानगी मिळाली होती. मग २०२२ च्या ऑगस्टला, १३ ते १५ तारखेला, ‘हर घर तिरंगा’ झालं. तुमचा मुलगा तेव्हा शाळेत असेल. त्याच्या हातात आलेला पहिला मोठा तिरंगा पॉलिएस्टरचाच असणार आणि तो पूर्वी रात्री उतरवायचा असे हे त्याला कुणी सांगितलंच नसणार. मामंजींना वाटतं, पोराला कदर नाही. पोराला वाटतं, आजोबांना आपला उत्साह बघवत नाही. नियम मात्र दोघांच्याही बाजूनं थोडाथोडा आहे. रात्री ठेवला ही मुलाची चूक नव्हे. फाटल्यावरही ठेवला, ही चूक. उतरवला ही आजोबांची चूक नव्हे. कुणाला न सांगता उतरवला आणि सकाळी ग्रुपवर आग लागेपर्यंत चहा पीत गप्प बसले, ही चूक.

दोघांना आमनेसामने बसवून समेट घडवायला जाऊ नका. बसणार नाहीत. त्याऐवजी त्यांना काम द्या. ट्रंकेतल्या त्या ध्वजाचं काहीतरी करावं लागणार आहे. जीर्ण ध्वज फेकायचा नाही, पुसायला वापरायचा नाही. तो संपूर्ण, एकांतात, सन्मानानं नष्ट करावा, शक्यतो जाळून, असं संहिता सांगते. चारचौघांत, अवमान करायला जाळला तर कैद आणि घरामागं, मान राखून जाळला तर कर्तव्य! तरण्या पोरांना हे सांगितलं की ती चक्रावतात. मामंजींनी तो इतके दिवस ट्रंकेत ठेवलाय यावरून मला वाटतं की नियम त्यांना पाठ असेल, हात होत नसेल. काडी ओढायला नातवाला बरोबर घेऊ द्या. परसात, संध्याकाळी, दोघंच. पॉलिएस्टर आहे, वितळून थेंब पडतात, तेव्हा जुन्या लोखंडी घमेल्यात जाळा आणि धुरापासून लांब उभं राहायला सांगा. आणि मुलाला एकच अट घाला, व्हिडिओ काढायचा नाही. एकांत म्हणजे एकांत.

आता मुलाकडं येते. तुमच्या पत्रात एक वाक्य कंसात पडलंय आणि माझ्या मते सगळं पत्र त्या कंसातच आहे. कॉलेजात त्याला कुणीतरी विचारलं, “तुम्ही लोक १ नोव्हेंबरला काळा दिन पाळता आणि वर तिरंगा कसला लावता?” त्याच आठवड्यात त्यानं टाकीला पाइप बांधला. म्हणजे त्यानं ध्वज उत्तर म्हणून लावला. म्हणून तो रात्री उतरवायला तयार नव्हता, फाटला तरी उतरवायला तयार नव्हता. उतरवला असता तर उत्तर मागं घेतल्यासारखं झालं असतं.

त्याला रागावू नका. या भागातल्या मराठी पोराला हा प्रश्न आयुष्यात एकदा तरी विचारला जातो. फक्त ध्वज हे त्या प्रश्नाचं उत्तरच नाही, आणि ते घरातल्या मोठ्यांनी त्याला सांगायला हवं होतं. मामंजी १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत चालतात आणि १५ ऑगस्टला सावधान उभे राहतात, यात विसंगती नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या नव्या रेषा आखल्या गेल्या, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्यांची तक्रार त्या रेषेशी आहे. ती तक्रार मांडली ती दिल्लीपुढं. १९६६ साली या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला तो केंद्र सरकारनं. महाराष्ट्रानं २००४ साली दावा घातला तो सर्वोच्च न्यायालयात. ज्याला देशच मान्य नाही तो देशाच्या न्यायालयाच्या पायऱ्या कशाला झिजवेल? मुलानं कॉलेजात हे शांतपणे सांगितलं असतं तर पाइपचा खर्च वाचला असता. आणि हेही त्याला सांगा, की विचारणाऱ्या मुलाच्या घरी १ नोव्हेंबर हा सणाचा दिवस आहे, कर्नाटकचा राज्योत्सव आहे. त्याला तुमची काळी फीत दिसते तेव्हा ती त्याच्या सणावर पडलेली दिसते. उत्तर देताना एवढं ध्यानात असलं की आवाज आपोआप खाली येतो.

“तू कोणासाठी लावलास?” असं त्याला विचारा. खोचकपणे नको, खरंच विचारा. तो म्हणेल, देशासाठी. म्हणू दे. मग स्वतःलाही तोच प्रश्न विचारा. कारण तुम्ही लिहिलंय, ‘नाही लावला तर लोक विचारतात.’

मी यात तुमच्या वर नाही, म्हणून माझी फजिती सांगते. २०२२ च्या त्या ऑगस्टला आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळ्यांच्या गॅलरीत तिरंगा लागला. माझ्या नव्हता. मला सवय नव्हती, दुसरं काही नाही. १३ तारखेला जिन्यात एका बाईंनी हसत हसत विचारलं, “तुमचा अजून आला नाही होय?” मी तिरीमिरीत बाजारात गेले, ध्वज आणला, धापा टाकत गॅलरीच्या ग्रिलला बांधला आणि छाती फुगवून उभी राहिले. अर्ध्या तासानं खालून भाजीवाल्या अक्कांनी हाक मारली, “अक्का, झेंडा उल्टा आगेद री!” केशरी खाली, हिरवा वर. मुद्दाम केलं असतं तर कायद्यानं गुन्हा होता. मी तर घाबरून केलं होतं. त्या बाईंना दाखवायच्या घाईत मी ध्वजाकडं एकदाही नीट बघितलं नव्हतं.

हे आठवलं की मला तुमच्या यजमानांच्या तोडग्याची भीती वाटते. एकाच पाइपला वर तिरंगा, खाली भगवा. नियमानं तर ते चालतच नाही. तिरंगा ज्या काठीवर असतो त्या काठीवर दुसरा कुठलाही ध्वज लावता येत नाही. दुसरा ध्वज तिरंग्यापेक्षा उंच नको, त्याच्या बरोबरीनं शेजारी नको. भगवा असो, कन्नडिगांचा लाल-पिवळा असो, मंडळाचा असो, नियम सगळ्यांना सारखा. गच्चीवर भगवा लावायचा तर वेगळ्या काठीवर, वेगळ्या कोपऱ्यात, खालच्या उंचीवर. किंवा १५ ऑगस्टचा दिवस सोडून लावा. गुढीपाडव्याला, शिवजयंतीला लावताच की.

पण नियम बाजूला ठेवला तरी मला तो तोडगा पटत नाही. ‘ना आपले बोलतील ना ते बोलतील’ म्हणजे काय? आपल्या इथं कुठल्या खांबावर, कुठल्या चौकात कुठला ध्वज आहे, लाल-पिवळा की भगवा, हे जाता-येता बघायची आपल्याला सवय लागलीय. बेळगावच्या माणसाला ती नजर जन्मजात असते, दोन्हीकडच्या. त्या ओढाताणीत आता तिरंग्याला मधे उभं करायचं, म्हणजे त्याला पोलीस बंदोबस्ताला लावण्यासारखं आहे. तुमचे यजमान साधे आहेत, त्यांना कटकट नकोय, हे मला कळतं. दिवसभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस घरी आल्यावर शांतता मागणार. पण भगवा लावायची इच्छा असेल तर तो भगव्याच्या हिमतीवर लावावा. वर तिरंग्याचं छत्र घेऊन लावला तर दोन्हींचा मान जातो. आणि शेजारी तेच करायला लागले, वर तिरंगा खाली लाल-पिवळा, तर? मग दोन गच्च्यांवर दोन तिरंगे एकमेकांकडं डोळे वटारून बघत बसतील.

मग १५ ऑगस्टला काय लावायचं? तुमच्यासारखीच पत्रं खानापूरहून, निपाणीहूनही येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. लावलाच पाहिजे असं नाही. हा हक्क आहे, सक्ती नाही. गावच्या शाळेत ध्वजवंदनाला जाऊन उभं राहिलात तरी दिवस साजरा झाला. लावायचा असेल तर लहान लावा, आणि जो लावेल त्यानंच उतरवायचा हे आधी ठरवा. तुमच्या मुलाला किल्ल्याजवळच्या कोटे केरे तळ्याकाठचा ध्वजस्तंभ आवडतो असं तुम्ही लिहिलंय. ११० मीटर उंच, २०१८ साली उभारलेला, लांबून दिसतो, कुणालाही आवडेल. पण एवढ्या उंचीवरचं, एवढं मोठं कापड वाऱ्यानं फाटतं, ते पुन्हा पुन्हा उतरवावं, शिवावं, बदलावं लागतं आणि त्यासाठी पगारी माणसं लागतात. तुमच्या टाकीवर पगारी माणूस नाही. आणि आपला ऑगस्ट म्हणजे भर पाऊस. पश्चिमेचा वारा सुटला की छपराचे पत्रे जागेवर राहत नाहीत, तिथं नायलॉनच्या दोरीनं पाइपला आवळलेलं पातळ कापड किती दिवस टिकणार?

माझं मत विचाराल तर खादीचा घ्या. पॉलिएस्टर कायद्यानं चालतं, स्वस्त पडतं, पावसात लवकर वाळतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. ज्याला दोन-तीनशे रुपये जास्त घालवणं जड जातं त्यानं तोच लावावा. पण आपण ज्या मुलखात राहतो तिथं तिरंगा घराजवळ विणला जातो हे पोरांना माहीतच नसतं. धारवाडजवळच्या गरग गावात ध्वजाचं खादी कापड पिढ्यान्‌पिढ्या विणलं जातंय. हुबळीत बेंगेरीला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचं केंद्र आहे, तिथं मानक संस्थेच्या प्रमाणपत्रानं राष्ट्रध्वज तयार होतात. सूत किती जाडीचं, ठरावीक जागेत धागे किती, रंगाची छटा कोणती, शिलाई कशी, चक्राच्या २४ आऱ्या दोन्ही बाजूंनी एकावर एक येतात का, सगळं मोजून. एक जरी माप चुकलं तरी ध्वज बाद. भारतीय मानकांच्या यादीत क्रमांक १ चं मानक तिरंग्याचंच आहे. मापं नऊ, सगळ्यांत लहान टेबलावर ठेवायचा, सगळ्यांत मोठा एकवीस फूट बाय चौदा. पॉलिएस्टरला परवानगी मिळाली तेव्हा या संघानं विरोध केला होता, कारण तिथल्या शिवणाऱ्या बायकांची वर्षाची कमाई याच कामावर असते. मुलाला एका रविवारी हुबळीला पाठवा, मामंजींनाही. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. बोलत नसले तरी शेजारी बसून प्रवास करता येतो.

आणलेला ध्वज १५ तारखेला सूर्योदयानंतर मामंजींच्या हातानं वर जाऊ दे आणि संध्याकाळी मुलाच्या हातानं खाली येऊ दे. रात्री ठेवायची परवानगी आहे, आग्रह नाही. मधे पाऊस जोरात आला तर उतरवायचा, घरात कोरड्या जागी वाळवायचा, घडी घालून ठेवायचा. घडी आडवी: केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग पांढऱ्या पट्ट्यावरचं चक्र मधे राहील असं दोन्ही बाजूंनी आत घ्यायचं. मामंजींना येत असेल, त्यांच्याकडून शिकून घ्या. मुलीलाही शिकवा. तुमच्या पत्रात ती फक्त एका शब्दापुरती आली, ती काय बघतेय या सगळ्यात?

एवढं लिहून शेवटी त्या आठ ओळींपाशी आले.

तुमच्या शेजारच्या काकांनी ध्वज लावायला शिडी दिली. म्हणजे तुमच्या घरावर तिरंगा लागला त्यात त्यांचाही हात होता. आणि त्याच शिडीवरून ते चोर ठरले, तेही एका सकाळीत, एका मेसेजवर. का? कन्नड बोलतात म्हणून. दुसरं कुठलंच कारण तुम्ही लिहिलेलं नाही, कारण दुसरं नव्हतंच. ताई, तुम्ही पत्रात म्हणता की आम्हाला सारखं देशप्रेम सिद्ध करावं लागतं, त्याचा वीट आलाय. त्या सकाळी तुमच्या दारातून गेलेल्या पोरांनी नेमकं तेच शेजाऱ्यांकडं मागितलं. मराठीत मागितलं, एवढाच फरक.

तुमच्या भिंतीवर महाराजांची तसबीर असेल, त्यांच्या भिंतीवर बहुधा कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे लढवय्ये संगोळ्ळी रायण्णांची. रायण्णांना इंग्रजांनी फाशी दिली ती २६ जानेवारी १८३१ ला आणि त्यांची समाधी नंदगडला आहे, खानापूर तालुक्यात, मराठी वस्तीच्या मधोमध. शंभर वर्षांपूर्वी, डिसेंबर १९२४ मध्ये, टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी आयुष्यात अध्यक्षपद भूषवलं ते तेवढ्या एकाच अधिवेशनाचं, आणि ते आपल्या बेळगावला. यजमानपणाचा भार होता हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांवर. टिळकांचा अनुयायी आणि ‘कर्नाटक केसरी’ हे दोन्ही त्या एका माणसात मावत होतं. त्या अधिवेशनातला ध्वज आजचा नव्हताच, त्यावर चरखा होता. चक्र आलं २२ जुलै १९४७ ला. ध्वजाचं रूप बदलत बदलत इथवर आलं, आणि आपण म्हणतो पूर्वी सगळं ठरलेलं होतं.

माफी मागायची ती पुढच्या आठवड्यात मागा, १५ ऑगस्टची वाट बघू नका. सणाच्या दिवशी मागितलेली माफी मिठाईबरोबर वाटली जाते, तिला वजन राहत नाही. ज्या ग्रुपवर ‘काढून नेला’ लिहिलं त्याच ग्रुपवर मुलानं स्वतःच्या नावानं लिहावं, ‘ध्वज फाटला होता, आजोबांनी नियमाप्रमाणे उतरवला, मी न विचारता लिहिलं, शेजारच्या काकांचा काही संबंध नव्हता.’ पहिला मेसेज जितक्या जणांनी पुढं पाठवला त्यातल्या निम्म्यांनी तरी हाही पाठवावा, असं मंडळाच्या अध्यक्षाला तुमच्या यजमानांनी सांगावं. हे काम त्यांचं. भट्टीची उष्णता सोसणाऱ्याला एवढं जड जाणार नाही.

घरी जायचं ते मात्र तुम्ही, मुलगा आणि मामंजी, तिघांनी. काय बोलायचं याची तयारी करू नका. मामंजींना कन्नड येतं ना? पलटणीतनं आलेल्या आपल्या गावाकडच्या म्हाताऱ्यांना बहुतेकांना येतं. त्यांना कन्नडमध्ये बोलू द्या आणि मुलाला ऐकू द्या. काकू चहा ठेवतील, नको म्हणू नका. आणि तुमच्या पत्रावरून मला वाटतं, ती शिडी अजून टाकीलाच टेकलेली आहे. परत कुणी मागितली नाही, परत कुणी दिली नाही. जाताना ती घेऊन जा. पुढचं टोक मुलाच्या खांद्यावर द्या. मागचं मामंजी धरतो म्हणतील, धरू द्या.